वळ आणि वळण

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरताना कबीराची आख्यायिका कुणी ना कुणी ऐकवतंच. रामानंद पहाटेच्या अंधारात स्नानाला जात, त्या वाटेवर कबीर मुद्दाम आडवा पडून राहिला. स्वामींचा पाय त्याच्या अंगावर पडला, तोंडून ‘राम राम’ निघालं आणि कबीराने तोच आपला गुरुमंत्र मानला. दोघांच्या काळाचा मेळ बसतो की नाही यावर अभ्यासकांचे वाद आहेत, मला त्यांत शिरायचं नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात राहते ती वेगळ्या कारणाने. त्या पहाटे घाटावर कुणी टिपण काढायला बसलेला असता, तर त्याने काय लिहिलं असतं? एका माणसाने दुसऱ्याला अंधारात तुडवलं. आणि त्या दुसऱ्याला तीस वर्षांनी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, त्या पहाटे मला गुरू भेटला. टिपण काढणारा खोटं बोलत नाही आणि कबीरही खोटं बोलत नाही. प्रश्न असा की पुढच्या कबीराला समजून घ्यायचं असेल तर यातलं कुठलं कागदपत्र उपयोगी पडेल?

मी कथा-कादंबऱ्यांची भाषांतरं करते. त्यावर घर चालत नाही, म्हणून औषधांच्या माहितीपत्रिका, संमतिपत्रं, सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या असलंही काही करते. दोन वर्षांपूर्वी एका संशोधन प्रकल्पाचं काम आलं. प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची होती. ही प्रश्नावली जगभर वापरतात. अठ्ठावीस विधानं, प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंत पाच घरं. पंचवीस विधानं पाच गटांत वाटलेली आहेत : भावनिक, शारीरिक आणि लैंगिक अत्याचार, भावनिक आणि शारीरिक हेळसांड. उरलेली तीन सापळ्यासारखी आहेत. आपलं बालपण म्हणजे नुसतं सोनं होतं असं ज्यांना ठासून सांगायचं असतं, त्यांना ओळखण्यासाठी.

अशा कामाची रीत ठरलेली असते. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि समितीने दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहायची. साहित्याच्या भाषांतराला ही कसोटी लावली तर आमच्यातलं कुणी वाचणार नाही, पण ते असो.

त्या अठ्ठावीस विधानांत दोन जातींची विधानं आहेत, हे मला पहिल्याच वाचनात खटकलं. एक जात घटनेची : मारल्याने अंगावर खुणा उठल्या का, घरात पुरेसं खायला होतं का. दुसरी जात निवाड्याची : माझ्यावर अत्याचार झाला असं मला वाटतं का. पहिल्या जातीचं भाषांतर करणं म्हणजे वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. दुसऱ्या जातीत मात्र खोलीच बदलते. इंग्रजीतल्या ‘अब्यूज’ या एका शब्दासाठी मराठीत छळ, जाच, अत्याचार, गैरवर्तन, शोषण असे पाच तरी शब्द उभे राहतात आणि त्यांतला एकही मोकळा नाही. ‘अत्याचार’ वर्तमानपत्रातला आहे, तो वाचला की आधी पोलीस ठाणं दिसतं. ‘गैरवर्तन’ कचेरीतलं. ‘शोषण’ व्यासपीठावरचं. आणि मुलाला मारण्यासाठी आपल्याकडे जो शब्दसाठा आहे तो तर निम्मा लाडाचाच आहे : धपाटा, रट्टा, चोप, प्रसाद, दोन ठेवून देणं. धपाट्याला आपण खाण्याच्या पदार्थाचंही नाव दिलंय.

त्या कार्तिकात मी दुसऱ्या एका कामासाठी काशीत होते आणि ब्रह्माघाटाजवळच्या एका जुन्या मराठी घरात उतरले होते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा भाग पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांचा. घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागी मशीद झाली. आजचं शेजारचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं. एकनाथांनी भागवतावरची टीका पुरी केली तीही याच नगरीत, १५७३ साली, कार्तिक पौर्णिमेला. कार्तिकात इथे उंच वेळूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात. पंचगंगा म्हणायचं, पण नदी डोळ्यांना एकच दिसते. यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या चौघी आहेत असं मानायचं.

त्या घरात एक काकू होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मराठी बोलता बोलता मध्येच बनारसी हिंदीत घुसायच्या. आई लवकर गेल्यामुळे सातव्या वर्षापासून त्या याच गल्लीत मामाकडे वाढलेल्या. थंडीत पहाटे गंगेचं पाणी भरून या उभ्या पायऱ्या चढायच्या, ओल्या परकराने. माझ्या डोक्यात प्रश्नावली घोळत होती, म्हणून मी विचारलं, मारत असत का?

“मारायचे ना. फुंकणीने मारायचे. कोण नाही मारायचं तेव्हा?”

“म्हणजे छळ होता, काकू?”

त्या हसल्याच. “छळ सासरी असतो गं. आजोळी कसला छळ? असं कुणी बोलतं का?”

मराठीत ‘आजोळ’ हा शब्द इतका गोड करून ठेवलाय की त्यात फुंकणीला शिरायला जागाच नाही. सासुरवास हा शब्द आहे, तसा मामावास नाही. जरा वेळाने, मी काही न विचारता, त्या म्हणाल्या की पौर्णिमेला मामेभावंडं घाटावर दिवे लावायला जायची, पण यांना मात्र वाती वळून, मोजून द्यायला सांगत आणि घरीच ठेवत. “शंभर वाती मोजून द्यायचे मी. एकदाही नेलं नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. फुंकणीबद्दल बोलताना बदलला नव्हता. त्या अठ्ठावीस विधानांत वातींविषयी काही नाही.

आता संशोधन काय म्हणतं ते सांगते, कारण गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात एक मोठी उलथापालथ झाली आहे आणि ती साहित्यवाल्यांपर्यंत फारशी आलेली नाही. बालपणीचे हाल मोजायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक, मूल लहान असतानाच नोंद करायची : न्यायालयाची कागदपत्रं, समाजसेवकांचे अहवाल, निरीक्षणं. दुसरी, मोठेपणी त्या माणसालाच विचारायचं. दोन्ही एकाच गोष्टीची मापं आहेत, दुसरी फक्त जरा पुसट, असं बराच काळ धरून चाललं होतं. २०१९ मध्ये जेसी बाल्डविन, आंद्रेआ डॅनीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही मापं असलेले सोळा अभ्यास एकत्र केले, मिळून पंचवीस हजारांहून जास्त माणसं. दोन मापांचा मेळ दाखवणारा आकडा निघाला ०.१९. तो १ असेल तर पूर्ण मेळ आणि ० असेल तर नुसता योगायोग. लहानपणी ज्यांच्या हालांची नोंद झाली होती त्यांतल्या सरासरी ५२ टक्क्यांनी मोठेपणी तसं काही सांगितलं नाही. आणि मोठेपणी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या ५६ टक्क्यांच्या बालपणी तशी नोंद नव्हती.

एकनाथांची ती गोष्ट आठवते. जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिवा लावून बसलेले नाथ, आणि सापडल्यावर आनंदाने वाजवलेली टाळी. आपला सगळ्यांचा स्वभाव तसा आहे. दोन वह्यांचा मेळ नाही म्हणजे कुठल्यातरी वहीत चूक आहे. नोंदवाले म्हणणार, माणसं विसरतात, रंगवतात. आठवणवाले म्हणणार, नोंद तरी कुणाची होते? मुळात वह्याच दोन वेगळ्या दुकानांच्या असतील, हा विचार उशिरा येतो.

तो आला एका वर्षाने. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका भागात १९६७ ते १९७१ या काळात मुलांच्या छळाची किंवा हेळसांडीची जी प्रकरणं न्यायालयात गेली, त्यांतल्या मुलांचा कॅथी स्पाट्झ विडम यांनी पुढे अनेक वर्षं माग ठेवला, सोबत तशाच वस्तीतल्या पण नोंद नसलेल्या मुलांचाही. डॅनीज आणि विडम यांनी २०२० मध्ये त्यांतल्या ११९६ जणांच्या मुलाखतींचा ताळा मांडला. न्यायालयाची नोंद आहे, पण मोठेपणी स्वतः तसं काही सांगत नाहीत, अशा माणसांना मानसिक आजारांचा धोका इतरांपेक्षा फारसा जास्त नव्हता. जे स्वतः सांगत होते त्यांना तो जास्त होता, मग नोंद असो वा नसो.

हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. याचा सर्वांत सोपा अर्थ माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरातल्या एका तरी काकांच्या तोंडी मला ऐकू येत होता : बघा, सगळं मनाचं असतं, मनाला लावून घेतलं नाही की काही होत नाही.

तसा अर्थ निघत नाही. एक तर आठवण आणि आजार दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच वयात मोजलेले असतात, आणि मन खचलेल्या माणसाला मागचं सगळं काळवंडलेलं दिसतं हे समजायला संशोधन लागत नाही. दुसरं, न्यायालयापर्यंत पोहोचतं ते फार थोडं. काकूंच्या मामाची फिर्याद कुठल्या न्यायालयात जाणार होती? तिसरं, जो सांगत नाही त्याने विसरलेलं असेलच असं नाही. लाज असते, आईवडिलांवरची निष्ठा असते, आणि कधी नुसता शब्द नसतो. पण हे सगळे अपवाद वजा केले तरी काहीतरी उरतं, आणि ते साहित्याच्या माणसाला नवं नाही. घडलेलं माणसाच्या आत जातं ते कथा होऊन. आजार त्या कथेशी बांधलेला असतो.

आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा घेऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. घटनेच्या विधानापुढे श्याम प्रामाणिकपणे ‘होय’ची खूण करील, तो खोटं बोलणारा मुलगाच नव्हे. आणि निवाड्याच्या विधानापुढे? तो प्रश्नावलीच परत करील. सगळं पुस्तक त्या माराला दिलेला कृतज्ञ जबाब आहे. महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं, अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णकमळ मिळालं, आणि दोन-तीन पिढ्यांनी मुलांच्या पाठीवर उठलेल्या वळांना वळण म्हणायला त्यातून अधिकृत आधार घेतला. मी हे चेष्टेने लिहीत नाही. मलाही ते पुस्तक वाचताना रडू येतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण याहून अवघड आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आलं, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. १८५७ नंतर आईच्या वडिलांना फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं आणि मीठ-साखरही धुऊन घ्यावी लागेल इतक्या टोकाला गेलं. त्या घरात मुलं कशी वाढली असतील, याची कल्पना करताना आजचा वाचक आधी वैद्यकीय शब्द शोधू लागतो. लक्ष्मीबाई मात्र हसवतात. कृतज्ञ नाहीत, बापाला माफही करत बसत नाहीत, फक्त सगळं इतक्या स्वच्छ नजरेने सांगतात की वाचक हसतो आणि मग स्वतःच्या हसण्याने दचकतो. प्रश्नावलीच्या पाच घरांत या हसण्याला जागा कुठे आहे? सापळ्याची जी तीन विधानं आहेत, त्यांत त्या नक्की सापडणार नाहीत. इतपतच सांगता येतं.

आणि शरणकुमार लिंबाळे. ‘अक्करमाशी’ १९८४ चं. त्यात भूक पानोपानी आहे. प्रश्नावलीत पुरेसं खायला मिळण्याचं विधान ‘शारीरिक हेळसांड’ या गटात येतं, म्हणजे गुण मोजले की हेळसांड घराच्या नावावर लागते. गावाच्या नावावर नाही, जातीच्या नाही, बापाच्या नावाशिवाय शाळेत न घेणाऱ्या व्यवस्थेच्या नाही. मापाला घराच्या उंबऱ्यापलीकडचं दिसत नाही. मला वाटतं ही चूक भाषांतराने दुरुस्त होण्यासारखी नाही. पण ती चूक आहे, हे समितीला सांगणं माझं काम होतं आणि मी ते लेखी सांगितलं.

आता खरा प्रश्न. १९९८ मध्ये सॅन डिएगोच्या साडेनऊ हजार प्रौढांचा तो गाजलेला अभ्यास आला. बालपणीच्या हालांचे चार किंवा अधिक प्रकार सांगणाऱ्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट. तेव्हापासून मुलांना मारू नका हे सांगताना आपण गुणाकार वापरू लागलो. मारू नका, कारण पुढे आजार होतो. सरकारला, विमा कंपनीला, शाळेला हीच भाषा कळते, त्यामुळे तिचा फायदा झाला हे मान्य. पण हळूहळू कारणाची जागा परिणामाने घेतली. आणि मग जेवणाच्या ताटावर कुणीतरी म्हणतं, आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? तर उत्तर द्यायला आपल्याकडे फक्त सरासऱ्या उरतात.

२०२०च्या त्या अभ्यासाने माझ्यापुरतं हे झालं की तो आधार निसटला. ज्या मुलाच्या छळाची नोंद न्यायालयात आहे आणि जो मोठेपणी ठणठणीत आहे, त्याच्या बाबतीत त्या दिवशी जे झालं ते चालण्यासारखं होतं का? कुणीही शुद्धीवरचा माणूस ‘हो’ म्हणणार नाही. म्हणजे मारण्याचा वाईटपणा पुढच्या आजारावर कधी अवलंबून नव्हताच. फुंकणी ज्या दिवशी उगारली त्या दिवशी समोर सात वर्षांची मुलगी होती, आणि फटका तिचा होता. पुढे ऐंशीव्या वर्षी तिचं काही बिघडलेलं नाही, हा त्या फटक्याचा बचाव होऊ शकत नाही. मोठ्या श्यामला लहान श्यामच्या वतीने संमतिपत्रावर सही करता येते का? मला वाटतं, नाही. तो स्वतःच्या वतीने आईवर प्रेम करू शकतो, तिला समजून घेऊ शकतो, तो त्याचा हक्कच आहे. पण विहिरीच्या काठावर थरथरणारा मुलगा वेगळा होता आणि त्याचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. कबीराची गोष्ट इथे लागू पडत नाही ती यामुळेच. कबीर वयात आलेला होता आणि पायरीवर आपण होऊन झोपला होता.

इथपर्यंत मी ठाम आहे. पुढे नाही. कारण त्या अभ्यासाची दुसरी बाजू अशी की माणसाने आपल्या बालपणाला काय नाव दिलं यावर जर इतकं अवलंबून असेल, तर नाव पुरवणं ही साधी गोष्ट राहत नाही. प्रश्नावली मोजते तशी ती शब्दही हातात देते. पन्नाशीच्या बाईला तुम्ही विचारता, तुझ्यावर अत्याचार झाला असं तुला वाटतं का, आणि तिने तोवर तो शब्द स्वतःसाठी कधी वापरलेला नसतो. घरी जाताना ती तो बरोबर घेऊन जाते. कुणाला त्याने सुटका वाटते : इतकी वर्षं जे दुखत होतं त्याला नाव आहे, मी एकटी नाही. कुणाला त्याने उभं घर पाडल्यासारखं होतं. फ्रॉइडने १८९७ मध्ये, रुग्णांच्या बालपणातल्या लैंगिक अत्याचारांवरचा आपलाच सिद्धान्त सोडून दिला, आणि नंतरची कित्येक दशकं खरं सांगणाऱ्यांना ‘कल्पना’ म्हणून परत पाठवण्यात गेली. १९९०च्या दशकात अमेरिकेत लंबक उलटा गेला, आणि उपचाराच्या खोलीत नसलेल्या आठवणीही तयार झाल्या. शब्द न देण्याचा गुन्हा आणि शब्द लादण्याचा गुन्हा, दोन्ही होऊन गेलेले आहेत. काकूंना मी तो शब्द एकदा देऊ केला, त्यांनी हसून परत केला, मी पुन्हा दिला नाही. त्यांच्या जागी वीस वर्षांची मुलगी असती तर मी तिला तो दिला असता आणि शेजारी बसून राहिले असते. या दोन वागण्यांत सुसंगती नसेल, पण दोन्ही मला बरोबर वाटतात.

तिसरा एक मार्ग आहे आणि आपल्या देशाने तो एकदा मोठ्या प्रमाणावर घेतला होता. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना थेट विचारलं, आज, मूल असताना. दर तिघांतल्या दोघांनी शारीरिक मार सांगितला. घरात मार खाणाऱ्यांतल्या ८८.६ टक्क्यांना तो आईवडिलांकडून मिळाला होता. ५३.२२ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. पाच वर्षांनी मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा आला. या आकड्यांवर पद्धतीच्या अंगाने आक्षेप घेतले गेले, घ्यावेतही. पण न्यायालयाची वही आणि म्हाताऱ्याची आठवण यांच्यामध्ये एक तिसरी साक्ष असते, आणि ती साक्ष देणारा त्या वेळी समोर बसलेला असतो, हे त्या पाहणीने निदान दाखवलं. त्यातला माराचा आकडा आपण वाचला आणि विसरलो. लैंगिक अत्याचाराच्या आकड्याने हादरणारी घरं माराच्या आकड्याने हादरली नाहीत.

आमची समिती शेवटी चार वेळा बसली. हेळसांडीच्या गटासाठी मी आधी ‘आबाळ’ सुचवला होता, कारण तो घराघरांतला आहे. उलट भाषांतर करणाऱ्याने त्याचं इंग्रजी केलं ‘हालअपेष्टा’ अशा अर्थाचं, आणि त्याचं बरोबरच होतं. आबाळ होते, ती कुणी करत नाही. हेळसांड कुणीतरी करतं. मूळ प्रश्नावलीला कर्ता हवा होता, म्हणून हेळसांड राहिली. भुकेच्या विधानाला मात्र मला अजूनही आबाळच बरोबर वाटते, तसं मी समासात लिहून ठेवलंय.

निवाड्याच्या विधानांसाठी ‘अत्याचार’ नको, तो फार जड होतो, यावर एकमत झालं. ‘छळ’ ठरला. छापण्याआधी थोड्या लोकांवर चाचणी घेतात, तशी एका तालुक्याच्या गावी घेतली. पहिल्याच दिवशी एका बाईंनी ते विधान ऐकून विचारलं, माहेरचं विचारताय की सासरचं? मुलाखत घेणाऱ्या मुलीला सूचना होती की विधानाचा अर्थ सांगायचा नाही, विचारलंच तर तेच पुन्हा एकदा वाचून दाखवायचं. तिने ते पुन्हा एकदा वाचून दाखवलं.